प्रयोगाचा खर्च कोणी सोसावा?

ययातीने पुत्राकडून तारुण्य उसने घेतले, ही कथा आपणां सर्वांस ठाऊक आहे. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात २०१६ साली ‘अँब्रोशिया’ नावाच्या कंपनीने असाच काहीसा व्यवहार मांडला. १६ ते २५ वर्षे वयाच्या रक्तदात्यांचा रक्तद्रव, म्हणजे प्लाझ्मा, पस्तिशीच्या पुढील माणसांच्या शिरेत घालावयाचा व त्यांच्या रक्तात काय फरक पडतो ते तपासावयाचे, असा हा प्रयोग होता. मात्र त्यात भाग घेणाऱ्यानेच ८,००० डॉलर मोजावयाचे होते!

यात दोष कोणता, असे कोणी विचारील. औषधाचा गुण ताडून पाहावयाचा तर काही जणांना ते औषध आणि काही जणांना तसेच दिसणारे निर्गुण द्रव्य द्यावे लागते. परंतु एवढी रक्कम मोजणारा मनुष्य नुसते मिठाचे पाणी टोचून घेण्यास कसा तयार होणार? या प्रयोगात तुलनेसाठी दुसरा गटच नव्हता. शिवाय पैसे मोजल्यावर गुण आला असे वाटणेही स्वाभाविकच होय. अशा उपचारांचा लाभ सिद्ध झालेला नाही व त्यांत धोका आहे, असा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०१९ मध्ये दिला. त्यानंतर कंपनीने ते उपचार थांबविले.

मग खर्च कोणी करावा? औषध-कंपन्या नफ्याची आशा असेल तेथेच पैसा घालतात. मधुमेहावरील मेटफॉर्मिन ही स्वस्त गोळी उतारवयातील रोग लांबवू शकते काय, हे ६५ ते ७९ वर्षांच्या ३,००० व्यक्तींवर पाहण्याची योजना अमेरिकन शास्त्रज्ञांनी आखली. पण पेटंटची मुदत संपलेल्या औषधासाठी निधी उभारण्यातच वर्षे गेली. अशा कामास सार्वजनिक निधीचेच साहाय्य हवे.

आपल्याकडे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार संशोधनाचा खर्च सहभागी व्यक्तीवर लादता येत नाही. नव्या औषधाच्या चाचणीमुळे इजा झाल्यास मोफत उपचार व भरपाई देण्याची तरतूद २०१९ च्या नियमांत आहे.

आपल्या घरातील वडीलधाऱ्यांना अशा प्रयोगाचे निमंत्रण आले, तर काही गोष्टी अवश्य विचारून घ्याव्यात. पैसा कोणाचा आहे? नीतिविषयक समितीने मान्यता दिली आहे काय? मध्येच माघार घेतल्यास नेहमीचे उपचार चालू राहतील ना? संमतिपत्र वडिलांना समजेल अशा भाषेत वाचून दाखवावे व निर्णय त्यांचा त्यांना करू द्यावा. आणि देह देणाऱ्याकडूनच कोणी द्रव्यही मागत असेल, तर सही करण्यापूर्वी आपल्या नेहमीच्या डॉक्टरांचा सल्ला घ्यावा, हेच हिताचे.