दया, दिव्यत्व आणि हक्क : अपंगत्वाच्या मराठी परिभाषेविषयी

अपंग व्यक्तींच्या हक्कांचा प्रश्न कायद्याचा आणि शासनव्यवहाराचा असून साहित्याच्या अभ्यासकांचा त्याच्याशी फारसा संबंध नाही, असा समज मराठीच्या अध्यापनक्षेत्रात सर्रास आढळतो. तो तपासून पाहणे अगत्याचे आहे. एखाद्या समूहाला मिळणारी गोष्ट समाज हक्क म्हणून ओळखतो की दया म्हणून, हे बव्हंशी भाषेत ठरत असते. दया आटली तर कोणी जाब विचारत नाही. हक्क नाकारावयाचा तर कारण द्यावे लागते.

कायद्याच्या पातळीवर हक्काची भाषा आता प्रस्थापित झाली आहे. १९९५ च्या कायद्याने शासकीय नोकऱ्यांत ३ टक्के आरक्षण दिले. २०१६ च्या कायद्याने ते ४ टक्क्यांवर नेले, अपंगत्वाचे ७ ऐवजी २१ प्रकार मान्य केले आणि शासकीय व अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत किमान ५ टक्के जागा राखून ठेवणे बंधनकारक केले. परंतु याच कायद्याच्या अंमलबजावणीसाठी असलेल्या केंद्रीय योजनेची तरतूद २०२२-२३ मध्ये सुमारे २४० कोटी रुपये होती. ती २०२३-२४ मध्ये १५० कोटींवर आणि २०२४-२५ मध्ये सुमारे १३५ कोटींवर आली. दारिद्र्यरेषेखालील तीव्र अपंग व्यक्तीला मिळणाऱ्या मासिक निवृत्तिवेतनातील केंद्राचा वाटा २०१२ मध्ये ३०० रुपये झाला आणि पुढे दशकभर त्याच आकड्यावर थांबून राहिला. महागाई वाढत असताना न वाढलेली रक्कम ही कपातच होय. अपंग व्यक्तीचा सार्वजनिक ठिकाणी हेतुपुरस्सर अपमान करणे हा २०१६ च्या कायद्यानुसार शिक्षापात्र गुन्हा आहे. तो तडजोडयोग्य करण्याचा प्रस्ताव जुलै २०२० मध्ये पुढे आला. अपंगांच्या संघटनांनी देशभरातून विरोध केल्यामुळेच तो त्याच महिन्यात मागे पडला.

या पार्श्वभूमीवर शब्दांचा विचार करावयास हवा. 'पांगळा' या शब्दातील हेटाळणी टाळण्यासाठी 'अपंग' हा शब्द शासनव्यवहारात स्थिरावला. डिसेंबर २०१५ मध्ये पंतप्रधानांनी 'दिव्यांग' हा शब्द सुचविला आणि पुढे तो शासकीय परिभाषेत रूढ झाला. त्यामागील सद्भावनेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. अनेक अपंग व्यक्तींनी तो आनंदाने स्वीकारलाही आहे. तथापि, शरीराला दिव्यत्व बहाल केल्याने उतरंडीचा मार्ग, ब्रेल पुस्तक किंवा सांकेतिक भाषेचा दुभाषी यांची गरज संपत नाही. उलट, ज्याच्या ठायी दैवी शक्ती आहे त्याला साहाय्याची काय आवश्यकता, असा सोयीचा निष्कर्ष त्यातून निघू शकतो. हेटाळणी माणसाला खाली ढकलते आणि दिव्यत्व त्याला वर बसविते. समान पातळीवर मात्र दोन्ही येऊ देत नाहीत.

मराठी वाङ्मयपरंपरेतही हाच पेच दिसतो. एकनाथांच्या भारुडांत आंधळा, पांगळा, बहिरा, मुका येतात ते अध्यात्मबोधाची रूपके म्हणून. रूपक म्हणून त्यांचे सामर्थ्य वादातीत आहे. मात्र प्रत्यक्ष अंध माणसाचे जगणे हा तेथे विषय नसतो, हेही अध्यापनात सांगितले पाहिजे. 'आंधळं दळतं, कुत्रं पीठ खातं' या म्हणीत दळणारी व्यक्ती श्रम करीत असते. त्या श्रमाची नोंद कोणी घेत नाही. लक्षात राहतो तो गैरव्यवस्थेचा दृष्टान्त. म्हणी वगळाव्यात असा याचा अर्थ नव्हे. त्या कोणाच्या खर्चाने अर्थपूर्ण होतात, हे विचारावे. चित्रपटांतील चित्रणासंबंधी ८ जुलै २०२४ रोजी दिलेल्या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने अपंगत्वाची समज वाढविणारा विनोद आणि अपंगाला हीन लेखणारा विनोद यांत भेद केला. साहित्यसमीक्षेने हा भेद न्यायालयाच्या आधी करावयास हवा होता.

नसीमा हुरजूक यांच्या आत्मकथनाचे वाचनही या दृष्टीने उद्बोधक ठरते. १९८४ मध्ये कोल्हापुरात 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' ही संस्था उभारणाऱ्या या लेखिकेच्या पुस्तकाचा परिचय सहसा जिद्दीची कहाणी असा करून दिला जातो. त्या कौतुकात एवढी जिद्द आवश्यक का ठरली, हा प्रश्न मागे पडतो. पुस्तकाचे शीर्षक मात्र 'चाकाची खुर्ची' असे आहे. ते शरीराचे किंवा मनोधैर्याचे नाव नसून एका साधनाचे नाव आहे. साधनाला पैसे लागतात, वाट लागते. ते पुरविता येते आणि नाकारताही येते.

मराठी विभागांच्या स्वतःच्या व्यवहाराकडेही पाहिले पाहिजे. २०१२ च्या दुरुस्तीनुसार स्वामित्वहक्काच्या कायद्यात छापील पुस्तकाचे ब्रेल, ध्वनिमुद्रित किंवा अन्य सुलभ रूपांतर अपंग वाचकांसाठी विनापरवाना, नफ्याचा हेतू न ठेवता करण्याची मुभा आहे. याच हेतूच्या माराकेश कराराला जून २०१४ मध्ये सर्वांत आधी मान्यता देणारा देश भारत होता. तरीही विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचणारे पाठ्यसाहित्य पुष्कळदा जुन्या टंकांत किंवा छायाचित्रवजा प्रतींत असते आणि दृष्टिहीन विद्यार्थ्याच्या संगणकावरील वाचक-प्रणालीला ते वाचता येत नाही. लेखनिकाची सवलत ४० टक्के अपंगत्वाच्या प्रमाणपत्रापुरती मर्यादित नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ११ फेब्रुवारी २०२१ रोजी स्पष्ट केले. परीक्षाकेंद्रांवर मात्र लेखनिक ही आजही मेहेरबानी समजली जाते.

नेमलेल्या प्रत्येक पुस्तकाची युनिकोड प्रत सत्रारंभी ग्रंथालयात उपलब्ध असणे, ही विभागाने कोणावर केलेली कृपा ठरत नाही. ते त्याचे कर्तव्य आहे. जो विभाग ते पार पाडीत नाही, त्याने अर्थसंकल्पातील कपातीविषयी केलेला निषेध अपुराच राहील.