नावाचा मालक

अवकाशयानांना वाहून नेणाऱ्या अग्निबाणांची कवचे, साखर कारखान्यांची अवजड यंत्रे आणि प्रचंड आकाराचे दंतचक्रपेट ज्या गावात घडत आले, त्या वालचंदनगरात आज एखादी पिकअप गाडी बंद पडली तर ती दुरुस्त करण्यासाठी टोचन लावून बारामतीला न्यावी लागते. गावात फिटर नाहीत म्हणून असे होत नाही. मिलिमीटरच्या शतांश भागापर्यंत माप राखणारे कारागीर या वसाहतीने दोन-तीन पिढ्या घडविले आहेत. गाडीच्या आतल्या संगणकाची किल्ली मात्र त्यांच्याकडे नाही. ती किल्ली कंपनीकडे आहे, आणि या लेखाचा विषय तीच किल्ली आहे.

ज्या वालचंद हिराचंदांच्या नावाने हे गाव वसले, त्यांनीच 1944 साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. कुर्ल्याच्या तिच्या कारखान्यातून डॉज आणि फार्गो या नावांच्या मालमोटारी बाहेर पडत. त्यांच्याविषयीच्या आठवणींना उगाच सोनेरी मुलामा देण्याचे कारण नाही. त्या गाड्या धूर ओकत, डिझेल पीत आणि घाटात तापत. परंतु रस्त्यात उभ्या राहिल्या तर पान्हे, हातोडी आणि एक जाणता मिस्त्री एवढ्या सामग्रीवर त्या पुन्हा चालू होत. गाडी विकत घेणाऱ्याला तिच्यासोबत ती दुरुस्त करवून घेण्याचे स्वातंत्र्यही मिळत असे. त्याची किंमत वेगळी मोजावी लागत नसल्याने ते कोणाच्या ध्यानातही येत नसे.

इंदापूर आणि बारामती तालुक्यांच्या अर्थव्यवहारात पिकअपचे स्थान काय, हे कार्यकर्त्यांना सांगावयास नको. निमगाव केतकीचे डाळिंब, भिगवणची मासळी, ठिकठिकाणची द्राक्षे, पेरू, भाजीपाला, दुधाचे कॅन, पशुखाद्याची पोती हे सारे याच गाडीच्या हौद्यातून बाजाराला जाते. ही गाडी चालविणारा बहुधा अल्पभूधारकाचा वा कामगाराचा मुलगा असतो. नोकरी मिळाली नाही, म्हणून घरातले किडूकमिडूक विकून त्याने सुरुवातीची रक्कम भरलेली असते आणि उरलेले सारे कर्जाने उभे केलेले असते. कागदोपत्री तो 'वाहनमालक' आहे. व्यवहारात तो गहाण पडलेल्या अवजारावर राबणारा मजूर आहे.

या अवजाराचे स्वरूप गेल्या काही वर्षांत आमूलाग्र पालटले. सर्वोच्च न्यायालयाच्या ऑक्टोबर 2018 च्या निर्णयानुसार 31 मार्च 2020 नंतर भारत-चार मानकाची वाहने विकण्यास मनाई झाली आणि भारत-सहा मानक लागू झाले. 1 एप्रिल 2023 पासून त्याचा दुसरा, अधिक कडक टप्पा आला. प्रत्यक्ष रस्त्यावर धावताना गाडी किती धूर सोडते, याचीही मोजणी त्यात अंतर्भूत झाली. डिझेल मोटारींच्या बाबतीत धुरातील कणांची मर्यादा किलोमीटरला 25 मिलिग्रॅमवरून साडेचार मिलिग्रॅमवर आली. हा बदल आवश्यक होता, हे आम्ही प्रथमच नि:संदिग्धपणे नमूद करतो. विषारी हवा सर्वांत आधी रस्त्याकडेला राहणाऱ्या गरिबाच्या फुप्फुसात जाते. स्वच्छ हवेला श्रीमंतांचा छंद समजणाऱ्या समाजवाद्याने आपल्या विचारांची पुन्हा तपासणी करावी.

प्रश्न आहे तो या स्वच्छतेचे बिल कोणाच्या नावावर फाडले गेले, हा. धुरातील काजळी अडविण्यासाठी सायलेन्सरच्या मार्गात एक चाळणी बसविण्यात आली. साठलेली काजळी जाळून टाकण्यासाठी त्या चाळणीला साडेपाचशे ते सहाशे अंश सेल्सिअसच्या घरातील उष्णता लागते. मोकळ्या हमरस्त्यावर एका गतीने धावणाऱ्या गाडीत ती सहज निर्माण होते. शेताच्या बांधावरून कच्च्या रस्त्याने रांगत निघणारी, चार ठिकाणी थांबून माल भरणारी, बाजारात तासन्‌तास इंजिन चालू ठेवून उभी राहणारी गाडी मात्र तेवढी तापतच नाही. मग काजळी साचते, समोर दिवा लागतो आणि इंजिन स्वत:ची ताकद कमी करून घेते. चालकाच्या भाषेत गाडी 'ओढत नाही'. काही गाड्यांत जळालेला धूर इंजिनात परत फिरविणारी झडप कार्बनने अडकते. अतिउच्च दाबावर चालणाऱ्या नोझलना डिझेलमधील थोडे पाणी वा कचराही सोसत नाही. ज्यांत युरियाचे द्रावण भरावे लागते, त्यांत भेसळीच्या द्रावणाने आणखी एक दुखणे जोडले जाते. शेतात रात्रभर उभ्या असलेल्या गाडीच्या वायरी उंदीर कुरतडतात, आणि एक संवेदक मुका झाला की धडधाकट इंजिनही जाग्यावर बसते.

चालकांकडूनही चुका होतात. क्षमतेच्या दीडपट-दुप्पट माल भरणे, फिल्टर बदलण्याची टाळाटाळ करणे, चाळणी कापून काढून टाकण्याचा बेकायदेशीर आणि समाजविघातक उपाय करणे, या गोष्टी घडतात. परंतु अतिभार हा काही स्वभावदोष नव्हे. भाड्याचा दर आणि कर्जाचा हप्ता यांच्या कात्रीत सापडलेला माणूस तो मार्ग पत्करतो. शिवाय ग्रामीण महाराष्ट्रातील रस्ते, इंधन आणि वापराची रीत कंपन्यांना ठाऊक नव्हती, असे कोण म्हणेल? जाहिरातीत गाडी चिखलातून, नांगरटीतून, डोंगरावर माल घेऊन चढताना दाखविली जाते. बिघाड झाल्यावर 'वापर चुकीचा' हे उत्तर तीच कंपनी कशी देऊ शकते?

आता थोडे अर्थशास्त्र. हिशेबाच्या सोयीसाठी असे धरू की, इंधन आणि किरकोळ खर्च वजा जाता एका पिकअपला दिवसाला 1,200 रुपये सुटतात आणि महिन्यात 25 दिवस भाडे मिळते. प्राप्ती झाली 30,000. हप्ता 18,000 धरला तर घरात येतात 12,000. आता गाडी सहा दिवस कार्यशाळेत उभी राहिली. बुडाले 7,200, हाती उरले 4,800. म्हणजे कामाचे दिवस एक-चतुर्थांशाहूनही कमी गेले, परंतु घरखर्चाचे साठ टक्के उत्पन्न गेले. दुरुस्तीचे बिल तर अजून भरायचेच आहे. कर्जाचा हप्ता गाडी चालो वा न चालो, ठरल्या तारखेला येतो. यंत्र बंद पडले तर कारखानदाराचा नफा घटतो. पिकअपवाल्याच्या घरी त्या महिन्यात किराणा उधारीवर येतो आणि मुलीच्या शिकवणीचे पैसे राहून जातात.

हमीच्या कागदाचेही असेच आहे. तीन वर्षे किंवा एक लाख किलोमीटर, यांपैकी जे आधी पूर्ण होईल ते, अशी अट धरा. दिवसाला दोनशे किलोमीटर आणि वर्षाला तीनशे दिवस धावणारी गाडी वीस महिन्यांत एक लाखाचा आकडा ओलांडते. कर्ज पाच वर्षांचे, हमी वीस महिन्यांची. उरलेले चाळीस महिने चाळणी, झडप, नोझल आणि संवेदक यांचा भार संपूर्णपणे त्या 'मालकाच्या' खांद्यावर येतो. अमेरिका हा काही समाजवादी देश नव्हे. तरीही तेथे हलक्या वाहनांमधील धूरनियंत्रणाच्या प्रमुख भागांना आठ वर्षे किंवा 80,000 मैल इतकी हमी कायद्यानेच द्यावी लागते. स्वच्छ हवेची सक्ती करणाऱ्या शासनाने ती स्वच्छता टिकविण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकावी, हा त्यामागचा साधा न्याय आहे. आपल्याकडे सक्ती आली, ती जबाबदारी आली नाही.

यापुढचा मुद्दा मक्तेदारीचा. गाडी घेताना ग्राहकापुढे चार कंपन्या हात जोडून उभ्या असतात. गाडी घेतल्यानंतर तो एकाच कंपनीचा बांधील होतो. बिघाडाचा सामान्य संकेत साध्या स्कॅनरवर वाचता येतो. परंतु काजळी सक्तीने जाळणे, नवा भाग संगणकाला ओळखावयास लावणे, नियंत्रकात नवा कार्यक्रम भरणे ही कामे बहुतेक वेळा कंपनीच्या खास उपकरणावाचून होत नाहीत. सुटा भाग कितीला मिळेल, कधी मिळेल आणि मजुरी किती पडेल, हेही तीच ठरविते. खुल्या बाजाराचे गोडवे गाणारे लोक या बंद बाजाराविषयी फारसे बोलत नाहीत.

हा केवळ आमचा ग्रह नव्हे. भारतीय स्पर्धा आयोगाने 25 ऑगस्ट 2014 रोजी 14 मोटार कंपन्यांना सुमारे 2,544 कोटी रुपयांचा दंड ठोठावला. सुटे भाग आणि दुरुस्तीची साधने स्वतंत्र कारागिरांना न देऊन त्यांनी स्पर्धेचा गळा घोटला, असा आयोगाचा निष्कर्ष होता. तो खटला प्रवासी मोटारींचा होता, पण त्यातील तत्त्व मालवाहू गाड्यांनाही तेवढेच लागू पडते. पुढे अपिले झाली, दंडाच्या रकमा घटल्या आणि वर्षे लोटली. वालचंदनगर-जंक्शनच्या रस्त्यावरील गॅरेजवाल्याच्या हातात मात्र त्यातून काहीही पडले नाही.

युरोपातील ज्या मानकाच्या धर्तीवर आपले भारत-सहा मानक बेतलेले आहे, त्याच युरोपीय नियमावलीत स्वतंत्र कारागिरांना दुरुस्तीची माहिती उपलब्ध करून देण्याचे बंधन उत्पादकांवर घातलेले आहे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात 2012 साली मतदारांनी सार्वमताने दुरुस्तीच्या हक्काच्या बाजूने कौल दिला. 2023 साली कोलोरॅडो राज्याने शेतकऱ्यांना त्यांच्या यंत्रांच्या दुरुस्तीचा हक्क देणारा कायदा केला. आपल्या केंद्र सरकारनेही 2022 मध्ये एक समिती नेमली आणि त्याच वर्षी डिसेंबरात दुरुस्तीच्या हक्काचे संकेतस्थळ सुरू केले. शेतीची अवजारे आणि मोटारी हे दोन्ही विषय त्या समितीपुढे होते. संकेतस्थळाने माहिती मिळते. कंपनीवर बंधन घालण्यासाठी कायदा लागतो.

'कार्यक्रम उघडा केला तर चोरवाटा निघतील, प्रदूषण वाढेल,' असा आक्षेप कंपन्यांकडून घेतला जातो. 2015 साली उघडकीस आलेले फोक्सवॅगनचे प्रकरण त्यांनी आठवावे. चाचणीच्या वेळी धूर कमी आणि रस्त्यावर जास्त, अशी लबाडी त्या गाड्यांच्या संगणकात कोणा गल्लीतल्या मिस्त्रीने भरलेली नव्हती. ती कंपनीनेच भरली होती, आणि कार्यक्रम बंद कुलपात असल्यामुळे ती वर्षानुवर्षे लपून राहिली. उलट, जवळच्या गॅरेजात रास्त दरात चाळणी साफ होऊ लागली तर ती कापून टाकण्याचा मोह कोणाला होईल?

कायदा बदलेपर्यंत हात बांधून बसण्याची गरज नाही. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात व्यापारी हेतूने केलेली खरेदी वगळली आहे, परंतु स्वयंरोजगारातून उपजीविका करण्यासाठीच घेतलेली वस्तू त्या अपवादात मोडत नाही. मालमोटार घेऊन ती स्वत: चालविणारा माणूस ग्राहकच होय, हे सर्वोच्च न्यायालयाने 1995 सालच्या लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सच्या निकालात स्पष्ट केले आहे. तक्रार आता राहत्या जिल्ह्याच्या आयोगापुढे दाखल करता येते. दिलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, दहा लाखांपर्यंत 200 रुपये. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे. तसेच मोटार वाहन कायद्यातील 2019 च्या दुरुस्तीने आलेल्या कलम 110-अ अन्वये पर्यावरणास, चालकास वा रस्त्यावरील इतरांस अपाय करणारा दोष आढळल्यास सरकार त्या प्रकारची वाहने परत घेण्याचा आदेश उत्पादकाला देऊ शकते. विशिष्ट प्रमाणात मालकांनी तक्रारी करणे हा त्यासाठीचा एक मार्ग आहे. इथेच संघटनेचे महत्त्व कळते. एकटा माणूस सेवाकेंद्राच्या काउंटरवर भांडतो, बिल भरतो आणि घरी येतो. त्याचा राग कोठेच नोंदला जात नाही.

म्हणून आमच्या मागण्या पुढीलप्रमाणे आहेत. धूरनियंत्रणाच्या सर्व भागांना किमान कर्जाच्या मुदतीइतकी हमी कायद्याने द्यावी. दुरुस्तीची पुस्तिका, निदानाचे उपकरण आणि सुटे भाग वाजवी व जाहीर दराने प्रत्येक स्वतंत्र कारागिरास मिळावेत. हमीच्या काळात गाडी ठराविक दिवसांपलीकडे उभी राहिली तर त्या दिवसांची भरपाई कंपनीने द्यावी, आणि तेवढ्या काळाचा हप्ता दंडावाचून पुढे ढकलला जावा. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील मोटार मेकॅनिकच्या मुलांना भारत-सहाच्या चालू गाड्यांवर हात बसविण्याची संधी मिळावी. या दोन तालुक्यांनी सहकारातून साखर कारखाने आणि दूधसंघ उभे केले. चार-पाच गावांच्या वाहनधारकांनी मिळून एक सहकारी निदान केंद्र उभारणे, तेथे चांगला स्कॅनर आणि दोन प्रशिक्षित मुले ठेवणे, हे त्या मानाने लहान काम आहे.

कार्यकर्त्यांनी आरंभ नोंदीपासून करावा. प्रत्येक बाजारतळावर, प्रत्येक पिकअप थांब्यावर एक वही ठेवावी. गाडीचा प्रकार, खरेदीचे वर्ष, धावलेले किलोमीटर, बिघाड काय, किती दिवस उभी, बिल किती आणि कंपनीचे लेखी उत्तर काय, हे त्यात यावे. तोंडी आश्वासनावर गाडी ताब्यात घेऊ नये आणि प्रत्येक वेळी कामाचा कागद मागून घ्यावा, हे चालकांना समजावून सांगावे. शंभर गाड्यांची अशी नोंद हाती आली, तर ती ग्राहक आयोगापुढे, परिवहन खात्यापुढे आणि विधिमंडळात ठेवता येईल. दोष गाडीत आहे की चालकात, याचे उत्तर आज कंपनी देते आणि तेच अखेरचे ठरते. आपल्या वहीतील आकड्यांनी ते उत्तर तपासण्याचा अधिकार आपण आधी मिळविला पाहिजे.