बिऱ्हाड कोठे हलवावे?



गेल्या उन्हाळ्यात रावेरकडील एका खेड्यातून एक गृहस्थ सहकुटुंब मला भेटावयास आले. केळीच्या बागांत घड कापून वाहण्याचे काम ते करतात. स्वतःची जमीन अर्धा एकर, तीही कोरडवाहू. थोरली मुलगी आठवीत आहे आणि गावची शाळा तेथेच संपते.

ते म्हणाले, "फादर, सुरतेहून चुलतभावाचा निरोप आला आहे. मजुरी चांगली आहे; पण एका खोलीत आठ माणसे निजतात. बायकामुलांना नेता येणार नाही. दुसरा विचार असा, की येथे लालबागेत खोली घ्यावी. मिळकत कमी होईल, परंतु भाडे झेपेल आणि सर्वांना एकत्र राहता येईल. आपण सांगाल तसे करू."

मी लगेच उत्तर दिले, "लालबागेत या." त्या घाईबद्दल मला पुढे थोडे लाजावे लागले, ते ओघाने येईलच.

हा प्रश्न त्यांच्या एकट्याचा नाही. कॅनडा देशात अफाट सपाट मैदाने आहेत आणि त्यांत विनिपेग, रेजायना, सास्काटून अशी मध्यम शहरे वसली आहेत. टोरांटो किंवा व्हँकूव्हर येथे घर घेणे ज्यांच्या आवाक्याबाहेर गेले, अशी पुष्कळ कुटुंबे तिकडे वळतात. घर तेथे तुलनेने स्वस्त. परंतु हिवाळ्यात पारा शून्याखाली तीस अंशांपर्यंत उतरतो. म्हणजे घर स्वस्त आणि थंडी महाग! माझ्या मते प्रत्येक स्वस्त गावाची अशी एखादी थंडी असते. ती ओळखून मगच सामान बांधावे.

मग लालबागेची थंडी कोणती? ती म्हणजे कामाची अशाश्वती. बऱ्हाणपूरचे रेल्वे स्टेशन येथे, आणि १९०६ साली सुरू झालेली ताप्ती मिलही येथलीच. तिच्या भोंग्यावर कित्येक घरांची चूल पेटत असे. २०२० सालच्या टाळेबंदीत तिची यंत्रे थांबली. जवळच नेपानगर हे गाव तर कागदाच्या कारखान्यासाठीच वसविले गेले. १९५६ साली पंडित नेहरूंनी त्या कारखान्याचे उद्घाटन केले. २०१६ साली तेथील उत्पादन बंद पडले आणि २०२२ साली पुन्हा सुरू झाले. मधली सहा वर्षे तेथील गृहिणींनी कशी काढली असतील, याचा विचार आपल्या माताभगिनींनीच करावा. आज बऱ्हाणपुरातील पुष्कळ हात यंत्रमागांवर चालतात. सूत महागले, मागणी घटली, की माग थांबतो आणि मजुरीही थांबते. म्हणून येथे येणाऱ्याने एकाच भोंग्यावर संसार उभारू नये. घरात दुसरा एखादा धंदा, निदान शिवणाचे यंत्र तरी, असावे.

आणखी एक गोष्ट. रावेर आणि बऱ्हाणपूर यांमध्ये आगगाडीचा प्रवास अगदी थोडा. परंतु मध्ये राज्याची सीमा आहे. शिधापत्रिकेवरील धान्य आता देशात कोठेही घेता येते, ही सोय झाली आहे. मात्र अनुसूचित जमातीच्या दाखल्यावरील राखीव जागा व सवलती परराज्यातून आलेल्यास नव्या राज्यात सहसा मिळत नाहीत. मुलीच्या पुढील शिक्षणाचा विचार करताना ही चौकशी आधीच करावी. शाळेचा दाखला काढण्यापूर्वी नव्या शाळेत जाऊन यावे. येथील व्यवहाराची भाषा हिंदी आहे, जरी मराठी बोलणारी घरे पुष्कळ असली तरी. आणि बाप्तिस्म्याचे दाखले विसरू नयेत. तुमचे गाव नाशिक धर्मप्रांतात आणि बऱ्हाणपूर खांडवा धर्मप्रांतात. नव्या धर्मग्रामात आपण होऊन धर्मगुरूंना भेटावे. न भेटलेले कुटुंब गर्दीत हरवते.

पवित्र शास्त्रात बिऱ्हाड हलविणाऱ्या दोघांची आठवण येथे होते. अब्राहामाचा पुतण्या लोट याने डोळे वर करून यार्देनेचे पाणथळ खोरे पाहिले आणि तेच निवडले. त्याने पाणी पाहिले, चारा पाहिला. शेजार कोणाचा, हे पाहिले नाही. दुसरा संत योसेफ. मिसर देशातून परतताना यहुदियात अर्खेलाव राज्य करीत आहे असे ऐकून तो तिकडे जाण्यास भ्याला आणि स्वप्नात मिळालेल्या सूचनेप्रमाणे गालीलाकडे वळून नासरेथ या लहान गावी राहिला. यरुशलेमेजवळ सुताराला काम अधिक मिळाले असते की नाही कोण जाणे. परंतु बाळ आणि माता कोठे निर्धास्त राहतील, हा त्याचा पहिला प्रश्न होता. १९५२ साली पोप बारावे पायस यांनी स्थलांतरितांविषयी लिहिलेल्या पत्रात याच पवित्र कुटुंबाला देशोधडीला लागलेल्या सर्व कुटुंबांचा आदर्श म्हटले आहे. सुरतेविषयी माझे मत यावरूनच बनले. बाप जेथे वर्षातून दोनदा पाहुण्यासारखा घरी येतो, तेथील अधिक मजुरीचा हिशेब पुरा नसतो.

पण माझा हिशेब तरी कोठे पुरा होता? सर्व बोलणे झाल्यावर, दाराशी बसलेली म्हातारी आई, जिला मी एकदाही विचारले नव्हते, हळूच म्हणाली, "फादर, ह्यांच्या बापाची कबर तिकडे आहे. मी येणार नाही. तेवढे सांगा, रविवारी मला मिस्सेला कोण नेईल?"

माझ्याजवळ उत्तर नव्हते. आम्ही पुन्हा बसलो. या वेळी त्या माउलीला मध्ये बसविले.

शेवटी असे ठरले. घर आणि अर्धा एकर विकावयाचा नाही. शाळेच्या सुटीत महिनाभर भाड्याने खोली घेऊन राहून पाहावयाचे. कामाचे दिवस किती आणि रिकामे किती, ते मुलीने वहीत टिपावयाचे. आजीजवळ धाकटा नातू राहील, आणि शनिवारी सायंकाळच्या गाडीने मुलगा गावी जाऊन रविवारी तिला मिस्सेला नेईल.

महिना सरला. वहीत रिकामे दिवस सात निघाले. ते मोजूनही त्यांनी येथे राहावयाचे ठरविले आणि बाईंनी शिवणाचे यंत्र आणले. पुढे काय होईल हे मी सांगू शकत नाही. मात्र मुलगी नववीत आहे, आणि शनिवारची गाडी अद्याप एकदाही चुकलेली नाही.

बऱ्हाणपुरास १६१५ साली बांधलेला कुंडी भंडारा आहे. सातपुड्यातून झिरपणारे पाणी जमिनीखालच्या बोगद्यांतून शहरास येते. वरून चालणाऱ्यास ते दिसत नाही. बिऱ्हाड हलविणाऱ्या कुटुंबाचेही तसेच आहे. भाडे व मजुरी सर्वांना दिसतात. घर ज्यावर जगते ते पाणी मात्र खालून वाहते. तुमच्या घरी असा विचार चालला असेल, तर कागदावर हिशेब जरूर मांडा. पण त्याआधी सायंकाळच्या रोझरीनंतर घरातील प्रत्येकाला, विशेषतः जी व्यक्ती दाराशी गप्प बसली आहे तिला, विचारा.

तुमचा प्रभूमध्ये,
धर्मगुरू, लालबाग