ओवा केव्हा, डॉक्टर केव्हा?

पोटात कळ आली की आपल्याकडे प्रथम ओव्याची बरणी उघडते. तान्ह्या बाळाच्या बेंबीभोवती हिंग लावला जातो. डॉक्टर मंडळी आजीबाईच्या बटव्याला हसतात, असा एक समज आहे. मी हसत नाही; पण बटव्यातले काय कसोटीला उतरले, हे वाचकांना ठाऊक असावे.

पेपरमिंटचे तेल आतड्याचे स्नायू सैल करते. वरचेवर पोट दुखणे, कधी जुलाब तर कधी बद्धकोष्ठ, अशा जुनाट विकारात त्याच्या कॅप्सूलचा उपयोग चाचण्यांत दिसला आहे. आल्याने गरोदरपणातील मळमळ कमी होते, हेही तपासलेले आहे. मात्र मळमळ म्हणजे पोटदुखी नव्हे. बद्धकोष्ठावर इसबगोल चांगले, पण भरपूर पाण्याबरोबर. ओव्यातील थायमॉल प्रयोगशाळेत जंतू मारते. माणसांवरचा पुरावा मात्र तोकडा आहे. तरीही जेवणानंतर चिमूटभर ओवा चावून बरे वाटत असेल तर खुशाल चावा.

परंतु 'झाडपाल्याने अपाय होत नाही' हे म्हणणे मला मान्य नाही. ज्येष्ठमध रोज बरेच दिवस घेतल्यास रक्तदाब वाढतो, रक्तातील पोटॅशियम घटते. जठरातील व्रणाचे एक मुख्य कारण जंतू आहे, हे मार्शल आणि वॉरन यांनी दाखवून दिले. २००५ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. तो जंतू काढ्याने हटत नाही, त्याला औषधांचा पुरा कोर्स लागतो.

सर्वांत घातक म्हणजे पोट दुखते म्हणून एरंडेल पाजणे. दुखणे अपेंडिक्सचे असेल तर जुलाबाच्या औषधाने ते फुटण्याचा धोका वाढतो. बेंबीजवळ सुरू झालेली कळ उजवीकडे खाली सरकली, चालताना-खोकताना वाढली, सोबत ताप वा उलटी असली, तर काहीही न पाजता रुग्णालय गाठावे. पोट लाकडासारखे कडक होणे, काळी शौच, रक्ताची उलटी यांनाही घरगुती उपाय नाही. चाळिशीपुढील माणसाला, विशेषतः मधुमेह्याला, छातीच्या खालच्या भागात दुखून घाम फुटला, तर तो 'गॅस' समजू नये. तो हृदयविकाराचा झटका असू शकतो.

बटवा घरात जरूर असावा. पण तासा-दोन तासांत आराम पडला नाही, तर तो मिटून दवाखान्याची वाट धरावी. ओव्याने किरकोळ दुखणे थांबेल, गंभीर दुखणे तुमच्यासाठी थांबणार नाही.