विज्ञानकथेचा वाचक आणि त्याच्या मंडळाची इतिवृत्ते

एखाद्या वाङ्मयप्रकाराचा इतिहास लिहिताना आपण बहुधा लेखक, ग्रंथ आणि नियतकालिके या तीन आधारांवर विसंबतो. वाचक या चौथ्या घटकाचे नाव आदराने घेतले जाते. परंतु साक्षीदार म्हणून त्याला क्वचितच पाचारण केले जाते. साहित्याच्या समाजशास्त्राची परिभाषा आपल्या विद्यापीठांत रुळून आता बराच काळ लोटला आहे. 'वाचकवर्ग', 'अभिरुची', 'साहित्यव्यवहार' या संज्ञा प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणात हमखास भेटतात. मात्र हा वाचक कोठे जमत होता, काय बोलत होता आणि कशावरून भांडत होता, या प्रश्नांपर्यंत पोहोचण्यापूर्वीच प्रबंध संपलेला असतो. विज्ञानकथेच्या बाबतीत ही उणीव अधिक जाणवते. कारण हा वाङ्मयप्रकार ज्या देशात सर्वाधिक फोफावला, तेथे तो वाचकांच्या मंडळांनी वाढविला. अशा एका मंडळाच्या उदाहरणावरून मराठी विज्ञानकथेच्या अभ्यासाविषयी एक मत मांडण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१

ह्यूगो गर्न्सबॅक यांनी एप्रिल १९२६ मध्ये न्यूयॉर्क येथून 'अमेझिंग स्टोरीज' हे केवळ विज्ञानकथांना वाहिलेले मासिक सुरू केले. कथेच्या आवरणातून विज्ञानाचे शिक्षण द्यावे, अशी त्यांची उघड भूमिका होती. मासिकातील पत्रव्यवहाराच्या सदरात पत्रलेखकांचे संपूर्ण पत्ते छापले जात. या साध्या गोष्टीचा परिणाम दूरगामी ठरला. वाचक संपादकाला वगळून परस्परांना पत्रे लिहू लागले. त्या पत्रमैत्रीतून मंडळे निर्माण झाली आणि मंडळांची टंकलिखित, हस्तमुद्रित पत्रके निघू लागली. १९३० साली शिकागोहून निघालेले 'द कॉमेट' हे अशा पत्रकांपैकी पहिले मानले जाते. 'फॅनझिन' हा शब्द त्यानंतर दहा वर्षांनी, १९४० साली घडविला गेला. म्हणजे वस्तू आधी आली, नाव मागाहून मिळाले.

१९३४ साली गर्न्सबॅक यांनीच आपल्या दुसऱ्या मासिकातून 'सायन्स फिक्शन लीग' ही संघटना स्थापन केली व गावोगावी तिच्या शाखा उघडण्यास वाचकांना उत्तेजन दिले. लॉस एंजेलिसची शाखा त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात भरली. पुढे मूळ संघटना लयाला गेली, शाखा मात्र टिकली. 'लॉस एंजेलिस सायन्स फॅन्टसी सोसायटी' या नावाने ती स्वतंत्र झाली, दर गुरुवारी भरू लागली आणि १९७३ साली तिने स्वतःची वास्तू विकत घेतली. तीसच्या दशकात तिच्या बैठका क्लिफ्टन्स या कॅफेटेरियात होत. स्वस्तात जेवावे, एखादे पेय घेऊन तासन्‌तास बोलत बसावे, असे त्यांचे स्वरूप होते.

या मंडळाच्या 'इमॅजिनेशन!' या पत्रकाच्या जानेवारी १९३८ च्या अंकात सतरा वर्षांच्या रे ब्रॅडबरीची पहिली छापील कथा आली. ती फारशी चांगली नव्हती, हे पुढे स्वतः ब्रॅडबरीही सांगत असे. तथापि मंडळाचे कार्य तेथे थांबले नाही. फॉरेस्ट ॲकरमन या ज्येष्ठ सभासदाने त्याला उसने पैसे दिले. त्या बळावर त्याने १९३९ साली 'फ्यूचुरिया फँटासिया' हे स्वतःचे पत्रक काढले आणि न्यूयॉर्कच्या पहिल्या जागतिक विज्ञानकथा संमेलनालाही तो गेला. जाताना त्याने हॅनेस बोक या मित्राची चित्रे बरोबर नेली. ती एका व्यावसायिक मासिकाच्या संपादकाने स्वीकारली. याच वर्तुळात लाभलेली ली ब्रॅकेट ही लेखिका पुढे आठवड्याच्या आठवड्याला समुद्रकिनाऱ्यावर बसून त्याचे कच्चे लेखन तपासून देत असे. लेखकाच्या चरित्रात या गोष्टी 'उमेदवारीचा काळ' म्हणून दोन ओळींत आटोपतात. वाङ्मयाच्या इतिहासात त्यांचे स्थान याहून मोठे असावयास हवे. कथा लिहिणारा, ती छापणारा, तिला नावे ठेवणारा आणि प्रवासाचे पैसे देणारा, हे सर्व एकाच टेबलाभोवती बसत होते, ही वस्तुस्थिती त्या वाङ्मयप्रकाराच्या घडणीचा भाग आहे.

२

अशा मंडळांच्या पत्रकांत काय असते? गेल्या बैठकीचे इतिवृत्त, नव्या सभासदांची ओळख, कोणाचा विवाह, कोणाचे आजारपण, कोणते पुस्तक आवडले, कोणते का आवडले नाही, वर्गणी कोणी थकविली, आणि पुष्कळसे भांडण. १९६४ पासून लॉस एंजेलिसच्या मंडळात एक वेगळीच प्रथा पडली. सभासद आपापल्या मजकुराच्या प्रती करून आणीत, बैठकीच्या दिवशी त्या एकत्र बांधल्या जात आणि प्रत्येकाला पूर्ण गठ्ठा मिळे. गेल्या आठवड्यातील मजकुरावरची उत्तरे पुढच्या आठवड्यात येत. हा उपक्रम अनेक दशके चालला. समीक्षेचे हे रूप आपल्या परिचयाचे नाही. पण ते समीक्षेचेच रूप आहे.

भांडणांकडेही याच दृष्टीने पाहावे लागते. १९३९ च्या संमेलनात न्यूयॉर्कच्या 'फ्यूचुरियन्स' या मंडळातील सहा जणांना दारातूनच परत पाठविण्यात आले. डोनाल्ड वॉलहाइम, फ्रेडरिक पोल, सिरिल कॉर्नब्लुथ ही नावे त्यांत होती. आयझॅक ॲसिमॉव्ह त्याच मंडळाचा असूनही आत शिरू शकला. वरकरणी हा तरुणांचा मानापमान वाटतो. मुळात मात्र वाद वेगळा होता. विज्ञानकथेने समाजपरिवर्तनाची बाजू घ्यावी, असे फ्यूचुरियन्सचे डावे म्हणणे होते; ही पत्रकबाजी संमेलनात नको, असे आयोजकांचे मत होते. आपल्याकडे फडके-खांडेकरांच्या निमित्ताने 'कलेसाठी कला की जीवनासाठी कला' हा वाद नामवंतांच्या लेखण्यांतून झाला. तेथे तोच प्रश्न वीस-बावीस वर्षांच्या वाचकांनी सभागृहाच्या दारात लढविला. गर्न्सबॅक यांच्या लीगमधून वॉलहाइमला १९३५ मध्येच काढून टाकण्यात आले होते आणि त्याच्या मुळाशी कथेच्या थकलेल्या मानधनाची तक्रार होती. ज्याने मंडळ निर्माण केले त्यालाच वाचकांनी जाब विचारला, एवढा अर्थ त्यातून निश्चित निघतो.

या मंडळांचे उदात्तीकरण करण्याचे कारण नाही. ती बव्हंशी गोऱ्या, तरुण पुरुषांची होती. परस्परस्तुती, गटबाजी आणि बाहेरच्यांविषयीची तुच्छता यांपासून ती मुक्त नव्हती. फ्रान्सिस लेनी या सभासदाने १९४८ साली लॉस एंजेलिसच्या मंडळाविषयी लिहिलेली आठवण इतकी कडवट आहे, की ती वाचून कोणालाही मंडळात जाण्याची इच्छा होऊ नये. तीही पूर्वग्रहमुक्त नाही. परंतु आपल्यावरचे असे आरोपपत्रही त्या वर्तुळाने जपले आणि फिरविले. सॅम मॉस्कोविट्झ यांनी १९५४ साली या चळवळीचा पुस्तकरूप इतिहास लिहिला, तो अशाच कागदांच्या आधारे. आज कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रिव्हरसाइड येथील ईटन संग्रहात आणि आयोवा विद्यापीठाच्या ग्रंथालयात ही पत्रके मोठ्या प्रमाणावर जतन केलेली आहेत.

३

आता मराठीकडे वळू. ज्यूल व्हर्नच्या कादंबरीचे 'चंद्रलोकाची सफर' हे भाषांतर १९०० साली 'केरळ कोकीळ'मधून आले. श्री. बा. रानडे यांची 'तारेचे हास्य' ही स्वतंत्र कथा विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातील. भा. रा. भागवतांची भाषांतरे आणि अनंत अंतरकरांचे 'नवल' यांनी पुढील पिढ्यांना या वाचनाची गोडी लावली. तथापि आधुनिक मराठी विज्ञानकथेचा प्रारंभ सांगताना आपण सर्वजण एकाच प्रसंगाशी येतो. मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेसाठी १९७४ साली 'नारायण विनायक जगताप' या नावाने 'कृष्णविवर' ही कथा आली, तिला पहिले पारितोषिक मिळाले आणि लेखक डॉ. जयंत नारळीकर असल्याचे उघड झाले. आपली आद्याक्षरे उलटी करून त्यांनी हे नाव घेतले होते. हस्ताक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथेची प्रत पत्नीकडून करवून घेतली होती.

हा प्रसंग आपण कौतुकाने सांगतो आणि ते योग्यच आहे. परंतु त्याची रचना पाहावी. लेखक पडद्याआड आहे, समोर परीक्षक आहे, मध्ये गुण आहेत आणि वाचक अद्याप दारातही आलेला नाही. जगप्रसिद्ध शास्त्रज्ञाला आपल्या कथेचे निखळ मूल्यमापन हवे होते आणि ते मिळविण्याचा मार्ग त्याला परीक्षेच्या स्वरूपातच सापडला. ब्रॅडबरीची वाईट कथा त्याला ओळखणाऱ्या मित्रांनी वाचली. नारळीकरांची उत्तम कथा त्यांना न ओळखणाऱ्या परीक्षकांनी वाचली. परीक्षेतून गुणवत्ता निवडली जाते, संवाद मात्र सुरू होत नाही. 'कथेत विज्ञान किती आणि कथा किती' हा मराठी विज्ञानकथेच्या समीक्षेतील चिवट प्रश्न मला या परीक्षापद्धतीचाच वारसा वाटतो. तो परीक्षकाचा प्रश्न आहे. वाचक सहसा असे विचारीत नाही.

यावर आक्षेप घेतला जाईल, की विज्ञानप्रसाराच्या हेतूने जन्मलेल्या वाङ्मयाचे असे होणारच. परंतु गर्न्सबॅक यांचा हेतूही विज्ञानप्रसाराचाच होता. म्हणजे प्रारंभ दोन्हीकडे सारखा आहे. फरक दुसऱ्या पायरीवर पडला. त्याची कारणे आपल्या साहित्यव्यवहारात शोधली पाहिजेत. मराठी विज्ञानकथेचे एक मोठे व्यासपीठ दिवाळी अंक हे राहिले. वर्षातून एकदा निघणाऱ्या अंकात पत्रव्यवहाराचे सदर जिवंत राहू शकत नाही. कार्तिकात पडलेल्या प्रश्नाचे उत्तर पुढच्या आश्विनात कोण वाचणार? शिवाय असंख्य वाचक हे अंक वाचनालयाच्या योजनेतून वाचून परत करीत. अंक घरी उरत नाही आणि तोच अंक आपल्या आधी कोणी नेला होता हेही कळत नाही. वाचक भरपूर होते. ते परस्परांना अज्ञात राहिले.

याला आपल्या स्वभावातील एकलकोंडेपणा कारण म्हणता येणार नाही. पुण्यात १९२३ साली रविकिरण मंडळाचे कवी चहाच्या निमित्ताने जमत होते. १९५४ साली 'शब्द' सायक्लोस्टाईलवर निघाले आणि साठच्या दशकात लघुअनियतकालिकांची चळवळ उभी राहिली. तंत्र तेच, खर्चाची ओढाताण तीच, संपादकाला डावलण्याची जिद्दही तीच. त्या चळवळीची पिवळी पडलेली पाने आज आपण आदराने हाताळतो, त्यांवर पदव्या देतो. मात्र ती मंडळे कवींची आणि लेखकांची होती. वाचकाने वाचक म्हणून काढलेल्या कागदाला आपल्या वाङ्मयेतिहासात अद्याप रकानाच नाही.

बंगालचे उदाहरण अधिक जवळचे आहे. तेथे अद्रीश वर्धन यांनी १९६३ साली 'आश्चर्य' हे विज्ञानकथांचे मासिक काढले आणि १९६६ च्या जानेवारीत कलकत्त्यात 'सायन्स फिक्शन सिने क्लब' स्थापन झाला. सत्यजित राय अध्यक्ष, प्रेमेंद्र मित्र उपाध्यक्ष आणि वर्धन कार्यवाह होते. चित्रपट एकत्र पाहावेत आणि त्यांवर बोलावे, एवढ्यासाठी जमलेले हे रसिकांचे मंडळ होते. क्लब अल्पायुषी ठरला. तरीही बंगाली विज्ञानकथेच्या इतिहासात त्याला स्थान आहे. योगायोग असा, की त्याच १९६६ साली मुंबईत मराठी विज्ञान परिषदेची स्थापना झाली. परिषद टिकली, वाढली आणि तिने मराठीला विज्ञानलेखकांची एक पिढी दिली. हे कार्य क्लबाच्या कार्याहून कितीतरी मोठे आहे. परंतु दोन्ही संस्थांचे प्रयोजन भिन्न होते. प्रसारासाठी जमणे आणि आस्वादासाठी जमणे यांत जो फरक आहे, तो त्या त्या वाङ्मयावर उमटल्यावाचून राहत नाही.

४

हे सारे आता सांगण्याचे कारण व्यावहारिक आहे. डॉ. नारळीकर २०२१ च्या नाशिक येथील साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, तेव्हा विज्ञानकथेला प्रतिष्ठा मिळाली, असे आपण म्हटले. मे २०२५ मध्ये ते गेले. त्यांच्या कथांवर प्रबंध होतील. ग्रंथ उपलब्ध आहेत. त्या कथा पहिल्यांदा वाचणारी पिढी मात्र आज साठी-सत्तरी ओलांडून गेली आहे. तिने लेखकांना पाठविलेली पत्रे, शाळा-महाविद्यालयांतील विज्ञानमंडळांच्या वह्या, स्पर्धेला पाठविलेल्या आणि साभार परत आलेल्या कथा, वाचनालयांच्या देवघेवीच्या नोंदी हे सारे घराघरांतील माळ्यांवर आहे आणि घर बदलताना प्रथम तेच रद्दीत जाते.

मराठी विभागांनी यासाठी मोठ्या योजनेची वाट पाहू नये. पदव्युत्तर वर्गातील प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या तालुक्यातील एका जुन्या वाचनालयात जाऊन, एका जुन्या विज्ञानकथावाचकाची मुलाखत घेऊन लघुप्रबंध लिहिला, तर एका वर्षात होणारे संकलन कोणत्याही एका संशोधकाच्या आवाक्याबाहेरचे असेल. स्पर्धेतील परीक्षकांनी व स्पर्धकांनी आपल्या आठवणी लिहून द्याव्यात, अशी विनंती विभागाने पत्राने करावी. पारितोषिक न मिळालेल्यांच्या आठवणी विशेष अगत्याने मागवाव्यात. परीक्षेचा इतिहास केवळ उत्तीर्णांकडून कळत नाही.

याखेरीज एक लहानशी सूचना. ज्या महाविद्यालयांत चार-दोन विद्यार्थी विज्ञानकथा आवडीने वाचतात, तेथे त्यांना आठवड्यातून एक तास आणि एक खोली द्यावी. विषय अध्यापकांनी ठरवू नये आणि स्पर्धाही ठेवू नये. फक्त एक वही ठेवावी. तीत दिनांक, उपस्थितांची नावे, वाचलेली कथा आणि तिच्याविषयी कोणाचे कोणाशी पटले नाही, एवढे लिहिले जावे. ती वही वर्षाअखेरीस ग्रंथालयात जमा करावी आणि ग्रंथपालांनी तिला दाखल क्रमांक द्यावा.