सिद्दींचा वारसा, आपली जबाबदारी



उधना, लिंबायत, पांडेसरा भागातून आपले कितीतरी बांधव रोज सचिनच्या जीआयडीसीत पाळीला जातात. सचिन म्हणजे कारखाना आणि पगार, एवढीच आपली त्या नावाशी ओळख. पण हेच सचिन १९४८ पर्यंत एक संस्थान होते आणि त्याचे नवाब आफ्रिकी वंशाचे सिद्दी होते, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? या संस्थानाचा जन्मच मुळी मराठ्यांशी झालेल्या करारातून झाला. १७९१ साली सिद्दी अब्दुल करीम खान यांनी जंजिऱ्यावरचा आपला हक्क पेशव्यांना दिला आणि त्या बदल्यात सुरतेजवळचा हा मुलूख घेतला. जंजिरा काही पेशव्यांच्या हाती आला नाही, सचिन मात्र उभे राहिले.

आम्ही बँकेच्या काउंटरवर बसणारी माणसे. मागे एका वयस्क सिद्दी गृहस्थांना रांगेतल्या कोणीतरी विचारले, "चाचा, कौन से देश से आये हो?" ते शांतपणे म्हणाले, "हुं तो सुरतनो ज छुं, भाई." रांग हसली. त्यात आपली मराठी मंडळी होती आणि आम्हीही हसलो. घरी गेल्यावर मात्र ते हसू बोचत राहिले. चाळीस वर्षे सुरतेत काढूनही "तुम्ही मूळचे कुठले?" हा प्रश्न आपल्याला चुकलेला नाही. मग तोच प्रश्न दुसऱ्याला विचारला गेला की आपल्याला हसू का यावे?

शाळेत आपण सिद्दी शिकलो तो जंजिऱ्याचा, स्वराज्याचा शत्रू म्हणून. तो इतिहास खरा आहे, तो पुसण्याचे कारण नाही. पण वहीची एकच बाजू वाचून हिशेब पूर्ण होत नाही. हबशी देशातून गुलाम म्हणून विकला गेलेला मलिक अंबर निजामशाहीचा कर्ता पुरुष झाला. मराठा घोडदळ हाताशी धरून तो मुघलांशी गनिमी काव्याने लढला. १६२४ च्या भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच्याच बाजूने होते. त्याने वसवलेले खडकी म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर. जमीन महसुलाची त्याने बसवलेली घडी महाराष्ट्राला परकी नाही. त्याची कबर खुलताबादेत आहे. हा वारसा जितका सिद्दींचा, तितकाच आपलाही नव्हे काय?

सुरतेच्या चौक बाजारातील किल्ला १७५९ मध्ये इंग्रजांनी घेतला, तो सिद्दींच्याच हातून. भरूच जिल्ह्यात झगडियाजवळ रतनपूरला बावा गोरचा दर्गा आहे. तेथील अकीकच्या व्यापाराचा तो आश्रयदाता मानला जातो. तेथे मुगरमान ढोल आणि मलुंगा हे एकतारी वाद्य घेऊन धमाल रंगते. हीच धमाल हल्ली हॉटेलांत आणि मेळाव्यांत 'आफ्रिकन डान्स' म्हणून करमणुकीपुरती बोलावली जाते. मुळात ती पिराची सेवा आहे, याची आठवण पाहुण्यांना कोणी देत नाही.

आता कागदाचा प्रश्न. गुजरातमधील अनुसूचित जमातींच्या यादीत सिद्दींची नोंद अमरेली, भावनगर, जामनगर, जुनागढ, राजकोट आणि सुरेंद्रनगर या जिल्ह्यांपुरती आहे. सुरत आणि भरूच त्यात नाहीत. माणूस तोच, जमात तीच, जिल्हा बदलला की हक्क संपला! धुळे-नंदुरबारचा दाखला सुरतेत चालत नाही म्हणून ज्यांच्या मुलांचे प्रवेश अडले, त्या आपल्या कुटुंबांना हे दुःख वेगळे समजावून सांगायला नको. गीर भागातील जांबूरच्या हिराबाई लोबी यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, याचा आनंद आहेच. पण एका गौरवाने सर्वांच्या फीचा प्रश्न सुटत नाही.

म्हणून मंडळापुढे तीन गोष्टी ठेवतो. येत्या १ मे रोजी, म्हणजे दोन्ही राज्यांच्या स्थापना दिनी, धमाल मंडळींना योग्य मानधन देऊन सन्मानाने बोलवावे आणि त्यांची ओळख त्यांच्याच तोंडून ऐकावी. दुसरे, सचिन येथे आणि किल्ल्यावर सिद्दी इतिहासाचा ठळक फलक असावा, असे निवेदन महानगरपालिकेला द्यावे. तिसरे, दाखल्याच्या प्रश्नावर मते मागायला येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला विचारावे. मात्र आधी सिद्दी बांधवांशी बोलावे. पुढे ते, मागे आपण.

परमुलखात आपली भाषा आणि आपले सण टिकावेत म्हणून हे मंडळ स्थापन झाले. जे आपल्यासाठी मागतो ते शेजाऱ्यासाठीही मागितले, तरच आपल्या मागणीला वजन येईल.

आपले,
संपादक मंडळ