विश्लेषण : विश्वाच्या बालपणीच्या लहरी हिंगोलीत टिपता येतील का?

जालन्याच्या पोलाद कारखान्यात भट्टीतला तप्त रस साच्यात ओतला की थोड्या वेळात त्याचं घट्ट बिलेट होतं. पदार्थ तोच, अवस्था वेगळी. याला अवस्थांतर म्हणतात. थंड होत गेलेल्या विश्वातही अशी अवस्थांतरं झाली, असं भौतिकशास्त्र सांगतं. त्यांच्या खुणा शोधण्यात महाराष्ट्रातली एक दुर्बीणही सहभागी आहे.

खोडदमध्ये काय टिपलं?

पुणे जिल्ह्यातल्या खोडदजवळच्या जीएमआरटी दुर्बिणीत ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आहेत. ‘पल्सार’ हे मृत ताऱ्यांचे वेगानं फिरणारे गाभे. त्यांचे रेडिओ ठोके घड्याळासारखे नियमित असतात. गुरुत्वीय लहरींमुळे हे ठोके किंचित लवकर किंवा उशिरा पोहोचतात. २९ जून २०२३ रोजी भारतीय आणि युरोपीय गटांनी २५ पल्सारच्या नोंदींवरून अशा लहरींचा पुरावा मांडला. यातली एक लहर पूर्ण व्हायलाच अनेक वर्षं लागतात.

या लहरी आल्या कुठून?

पहिली शक्यता दीर्घिकांच्या हालचालींची. देवयानी दीर्घिका आपल्या दिशेनं सेकंदाला सुमारे ११० किलोमीटर वेगानं येत आहे. दोन दीर्घिका एकत्र आल्या की त्यांच्या केंद्रातली महाकाय कृष्णविवरं एकमेकांभोवती फिरू लागतात आणि लहरी उठतात. बहुतेक शास्त्रज्ञांचा कल याच उत्तराकडे आहे.

दुसरी शक्यता अवस्थांतराची. महास्फोटानंतर सेकंदाच्या साधारण एक लाखांशाव्या भागात क्वार्क एकत्र येऊन प्रोटॉन, न्यूट्रॉन बनले. हा बदल उकळत्या पाण्यासारखा, बुडबुडे फुटत झाला असता तर ते एकमेकांवर आदळून लहरी उठल्या असत्या. पण आजच्या सिद्धांतानुसार तो उन्हात डांबर मऊ व्हावं तसा सावकाश झाला. म्हणूनच ही शक्यता खरी ठरली, तर आजचा सिद्धांत अपुरा ठरेल.

मग हिंगोलीत काय होणार?

हिंगोली जिल्ह्यातल्या लायगो-इंडिया प्रकल्पाला केंद्रानं एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपये मंजूर केले. मात्र ही वेधशाळा सेकंदाला दहापासून हजारो कंपनं होणाऱ्या लहरी टिपण्यासाठी आहे. कृष्णविवरांच्या टकरीचा शेवटचा क्षण तिथं कळेल. वर्षानुवर्षं चालणाऱ्या या संथ लहरी तिथं कळणार नाहीत.

त्यांचा उगम ठरवायचा तर पल्सारच्या आणखी नोंदी लागतील. लहरी आकाशाच्या काही भागांतून जास्त येत असतील, तर कृष्णविवरांकडे बोट जाईल. सगळीकडून सारख्याच आल्या, तर दुसऱ्या शक्यतेला बळ मिळेल.